लाल ठिपक्याचा पेला

पत्र थोडक्यात असं:

वय 26, नोकरी दुसऱ्या शहरात. रजेवर घरी आले तेव्हा आईचा खोकला दोन महिने चालू होता आणि घरात सगळे त्याला ॲलर्जी म्हणत होते. मीच तिला तपासायला नेलं. फुफ्फुसाचा टीबी निघाला, नेहमीच्या औषधांना दाद देणारा. तेव्हापासून मी बिनपगारी रजेवर घरीच आहे. कोर्सचा तिसरा महिना चालू आहे. दोन महिन्यांनी झालेली थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली. घरात बाबा, 75 वर्षांची आजी आणि 15 वर्षांचा भाऊ. तिघांच्या तपासण्या पहिल्याच आठवड्यात झाल्या. मी बाहेर राहणारी, म्हणून त्या यादीत नव्हते. स्वयंपाक, आजीचं सगळं, आईच्या गोळ्या, दवाखान्याच्या फेऱ्या माझ्याकडे. आई मागच्या खोलीत दार लावून असते. आपलं ताट स्वतः घासते. पेल्याच्या बुडाला तिनं नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवलाय, म्हणजे चुकून दुसऱ्या कुणी घेऊ नये. भावाची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह आली, छातीचा फोटो स्वच्छ. डॉक्टरांनी त्याला प्रतिबंधक गोळ्या दिल्या, पण 'धडधाकट पोराला औषधं कशाला' म्हणून बाबांनी ते पाकीट उघडू दिलं नाही. त्याला आम्ही 'आईच्या छातीत इन्फेक्शन आहे' एवढंच सांगितलंय. नात्यात कुणाला कळता कामा नये असं बाबांनी बजावलंय. मावशी रोज फोन करते, मी रोज खोटं बोलते. ऑफिसनं आता महिन्याची मुदत दिली आहे: हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. मी गेले तर आई गोळ्या सोडेल आणि घर कोलमडेल. नाही गेले तर घरातला दुसरा पगार कायमचा गेला. मला आईचा रागही येतो आणि त्या रागाची लाज वाटते. रात्री थोडा खोकला येतो, पण तो जागरणाचा. मी काय करू?

*

तुझं वय माझ्या भाचीएवढं, तेव्हा सरळ 'तू'च म्हणते.

तू विचारलंयस नोकरीबद्दल. मी मात्र सुरुवात करणार आहे तुझ्या पत्राच्या शेवटाकडून, त्या 'जागरणाच्या' खोकल्यापासून. कधीपासून येतोय, ते तू लिहिलेलं नाहीस. पत्रात आईचा रिपोर्ट आहे, भावाचा आहे, आजी-बाबांचा आहे. घरात खोकत असलेल्या एकुलत्या एका माणसाचा तेवढा नाही.

एरवी दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळची कणकण, उतरत चाललेलं वजन, रात्री घामानं भिजणारी उशी, यांतलं काही असेल तर टीबीची तपासणी करा असं सांगतात. ज्याच्या घरात पेशंट आहे त्यानं ते दोन आठवडेही मोजत बसायचं नसतं. आईला तू तपासायला नेलंस त्याआधीचे ते दिवस आठव. ती खोकत होती, औषध सुरू नव्हतं, आणि तू तिच्याजवळ होतीस. तेव्हा या आठवड्यात छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी, दोन्ही. थुंकी म्हणजे डबीत टाकलेली लाळ नव्हे. सकाळी उठल्यावर खोल श्वास घेऊन, खाकरून आतून काढलेला बेडका लागतो. लाळ दिली की आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि आपण खूश होऊन घरी जातो. बहुतेक काही निघणार नाही, असंच मला वाटतं. पण वाटण्यावर सोडून द्यायची ही गोष्ट नाही. रिपोर्ट येईपर्यंत मास्क तू लाव, विशेषतः आजीचं करताना.

आता जरा लांब उभी राहून तुझ्या घराकडे बघ. दाराआड बसली आहे ती, जिची थुंकी निगेटिव्ह आहे आणि जी रोज नेमानं औषध घेतेय. आणि जिची तपासणीच झालेली नाही, ती खोकत सगळ्यांना वाढतेय. यात तुझी चूक काढत नाही. जवळजवळ प्रत्येक घरात हे असंच होतं. 'पेशंट' असा शिक्का एका माणसावर बसला की बाकीच्यांचं घराकडे बघणंच थांबतं. सगळी भीती त्या एका खोलीत कोंबून बाहेरून कडी घालायची, की बाकीचं घर निर्धास्त! भीतीला जागा मिळते, पण चुकीची.

टीबीत सगळ्यात जास्त लागण होते ती निदान होण्याआधी. तेव्हा कुणी मास्क लावत नाही, दार लावत नाही. 'ॲलर्जी' म्हणत सगळे एका खोलीत बसलेले असतात आणि खिडक्या बंद असतात. तुमच्याकडे ते दोन महिने होऊन गेले. औषध सुरू झाल्यावर, आणि ते लागू पडत असेल तर, पेशंटकडून लागण होण्याची शक्यता झपाट्यानं उतरते. पहिले दोन-एक आठवडे जपायला सांगतात ते त्यासाठीच. तुझी आई तिसऱ्या महिन्यात आहे आणि तिची थुंकी निगेटिव्ह आहे. म्हणजे धोका होता तेव्हा दार उघडं होतं आणि धोका उतरल्यावर ते बंद झालं.

आणि पेल्यानं टीबी होत नाही. ताटानं नाही, कपड्यानं नाही, हात हातात घेतल्यानं नाही. खोकताना, शिंकताना, अगदी बोलतानाही फुफ्फुसातून जे बारीक कण हवेत येतात, ते बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात आणि श्वासातून आत जातात. टीबीचा रस्ता हा एवढाच. म्हणून उघडी खिडकी, समोरासमोर वाहणारा वारा आणि ऊन यांना जो अर्थ आहे तो वेगळ्या ताटाला नाही. तुमच्याकडे नेमकं उलटं चाललंय. पेल्यावर खूण आहे आणि खोलीचं दार बंद आहे.

हे मी पदरचं सांगत नाही. 1950 च्या दशकात मद्रासला एक मोठा अभ्यास झाला. तेव्हा टीबीचा पेशंट म्हणजे सॅनेटोरियम, टीबीचं वेगळं रुग्णालय, महिनोन् महिने घरापासून लांब, हेच ठरलेलं होतं. तिथल्या संशोधकांनी सुमारे दोनशे पेशंटांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये गेला, दुसरा घरीच राहून गोळ्या घेऊ लागला. घरं गरिबांची, दाटीवाटीची, खाण्यापिण्याची ओढाताण असलेली. सॅनेटोरियममध्ये चांगलं जेवण आणि भरपूर विश्रांती. वर्षअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले होते. आणि तुझ्या कामाची गोष्ट पुढे आहे. दोन्हीकडच्या कुटुंबांवर नंतर काही वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा पेशंट घरी राहिल्यामुळे घरच्यांना जास्त टीबी झाला असं दिसलं नाही. 1959 मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि पुढे जगभरातली सॅनेटोरियमं एकेक करत बंद होत गेली. सॅनेटोरियम बंद झालं, घरातली मागची खोली मात्र चालूच राहिली.

पण मला वाटतं, हे सगळं आईला समजावून सांगितलंस तरी ती ठिपका पुसणार नाही. तो ठिपका जंतूंसाठी नाहीच. 'माझ्यामुळे पोराची चाचणी पॉझिटिव्ह आली' हे तिला कुणीतरी सांगितलंय, किंवा कुणीच न सांगता तिला कळलंय. ती शिक्षा भोगतेय, स्वतःच दिलेली. माझ्या एका काकांना टीबी झाला होता. बरे होऊन कितीतरी वर्षं झाली तरी ते पाणी वरूनच प्यायचे, भांड्याला ओठ न लावता. आम्ही मुलं त्यांची नक्कल करायचो, ती काकांची खास ढब आहे असं समजून. ढब कसली, भीती मुरली होती ती.

तेव्हा आईला आरोग्याचे धडे देऊ नकोस. काहीतरी माग तिच्याकडे. 'आजीचे केस विंचरायला मला वेळ होत नाही, तू येशील का बाहेर?' एवढंच. खिडकीजवळ दोघींना बसव. खोकला उरला असेल तर आई रुमाल धरेल तोंडावर, पुरे झालं. तिला आज माहितीपेक्षा काम हवंय. आपल्या हाताला अजून घरात जागा आहे, हे तिला दिसलं पाहिजे.

आता कपाटातलं ते पाकीट. यावर मी बाबांशी सरळ वाद घालणार आहे, तू हवं तर त्यांना हे वाचून दाखव.

लागण आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतू शरीरात शिरले, शरीरानं त्यांना कोंडून ठेवलं, ही लागण. असा माणूस खोकत नाही, त्याचा फोटो स्वच्छ असतो आणि तो कुणाला काही देत नाही. जगात साधारण चारातल्या एकाला कधी ना कधी ही लागण झालेली आहे. त्यांतल्या शंभरातल्या पाच-दहा जणांना आयुष्यात कधीतरी आजार होतो, बाकीच्यांना काहीच होत नाही. आकडा लहान वाटतो, पण त्यात एक मेख आहे. हा धोका आयुष्यभर सारखा पसरलेला नसतो, लागणीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत तो सगळ्यात जास्त असतो. आणि वयाचंही आहे. पाचच्या आतल्या लेकरांना टीबी फार चटकन आणि वाईट तऱ्हेनं होतो, मधली काही वर्षं जरा बरी जातात, आणि तारुण्याच्या उंबरठ्यावर धोका पुन्हा चढतो. तुझा भाऊ 15 वर्षांचा आहे आणि त्याची लागण ताजी आहे. 'धडधाकट पोराला औषधं कशाला' याचं उत्तर हे: तो धडधाकट आहे तोवरच ती द्यायची असतात. आजार झाल्यावर चार औषधं आणि साधारण सहा महिने लागतात. प्रतिबंधक कोर्स त्याहून सोपा असतो. कुठे एकच गोळी रोज सहा महिने देतात, कुठे दोन औषधं तीन महिने रोज, तर कुठे आठवड्यातून एकदाच, असे 12 डोस. तुमच्या पाकिटात यांतलं काय आहे ते तुमचे डॉक्टर सांगतील. फक्त एक कर. मध्ये दोन-अडीच महिने गेलेत, तेव्हा ते पाकीट परस्पर उघडू नकोस. आधी भावाची पुन्हा तपासणी, आजार नाही याची खात्री, मगच पहिली गोळी. आजीबद्दलही विचार, पण तिचं वय आणि लिव्हर बघून निर्णय डॉक्टरांचा.

बाबा म्हणतील, 'लहानपणी सगळ्यांना बीसीजी टोचलीय.' टोचली असेल. ती लस 1921 पासून वापरात आहे आणि लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर प्रकारांपासून ती चांगलं वाचवते. मोठेपणी फुफ्फुसाच्या टीबीला अडवायला मात्र तिच्यावर विसंबता येत नाही.

भावाला काय सांगायचं, हा प्रश्न तू विचारलेलाच नाहीस. जणू तो सुटलेला आहे. सुटलेला नाही. 15 वर्षांच्या मुलाच्या हातात फोन असतो. आईच्या गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव त्यानं शोधलं नसेल असं तुला खरंच वाटतं? त्याला बहुधा सगळं ठाऊक आहे, फक्त ते एकट्याला ठाऊक आहे. शोधता शोधता त्यानं मरणाचे आकडेही वाचले असतील. आणि स्वतःच्या हातावर सुजून आलेलं ते टोचल्याचं वर्तुळ त्यानं पाहिलंय, त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही. मुलं अशा वेळी विचारत नाहीत. आपण विचारलं तर मोठ्यांचं खोटं उघडं पडेल, याची त्यांना आपल्यापेक्षा जास्त काळजी असते.

लांबण लावू नकोस. भांडी लावताना, चालताना, त्याच्याकडे न बघता सांग: 'आईला टीबी आहे. औषध लागू पडलंय. कोर्स पूर्ण केला की बरी होईल. तुला आजार नाही, पण होऊ नये म्हणून गोळ्या घ्यायच्या आहेत. यात आईची काही चूक नाही.' एवढी पाच वाक्यं. मग गप्प राहा. लगेच काही विचारणार नाही तो. दोन दिवसांनी भलत्याच वेळी विचारेल, 'लघवी अशी केशरी का येते?' असलं काहीतरी. तर ते रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे तुला माहीत असू दे.

बाबांच्या 'कुणाला कळता कामा नये'बद्दल. त्यांच्यावर चिडण्याआधी हे लक्षात घे की ही भीती त्यांनी शोधून काढलेली नाही. 24 मार्च 1882 ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू जाहीर केला. त्याआधी बऱ्याच ठिकाणी हा रोग रक्तातून, घराण्यातून येतो असंच समजत, कारण तो एकाच घरात एकामागून एकाला होताना दिसे. खरं तर त्या घरांत वारसा एकच होता, कोंडलेल्या हवेचा. जंतू सापडला, औषधं आली, पण 'त्यांच्या घरात क्षय आहे' हे वाक्य तसंच राहिलं. बाबा त्या वाक्याला घाबरतात.

तरी गुपिताचं ओझं कोण उचलतंय ते बघ. नियम बाबांचा, खोटं तुझं. मला विचारशील तर प्रश्न 'सांगायचं की लपवायचं' असा नाहीच. ज्याला सांगितल्यानं घराला एक हात मिळेल त्याला सांगायचं, नुसती चर्चा मिळेल त्याला नाही. शेजारच्यांना नको. दूरच्या नातेवाइकांना नको. ऑफिसला 'आईचं मोठं आजारपण' याच्या पलीकडे एक शब्द सांगायला तू बांधील नाहीस. राहिली मावशी, रोज फोन करणारी. तिच्यासारखं माणूस घराला आत्ता हवंय. पण एक पथ्य पाळ. ही बातमी आईची आहे. ना बाबांची, ना तुझी. आईला विचार, 'मावशीला सांगू का, की तूच सांगतेस?' बहीण बहिणीशी बोलेल तेव्हा बाबांची परवानगी कुणी मागणार नाही, बघच.

आता नोकरी.

तुझं सगळं गणित एका वाक्यावर उभं आहे: 'मी गेले तर आई गोळ्या सोडेल.' हे तुला कशावरून वाटतं? पत्रात तिनं एकही डोस चुकवल्याचं नाही. उलट जी बाई आपलं ताट वेगळं घासते, पेल्यावर खूण करते, ती गोळ्या सोडेल हे मला पटत नाही. अर्थात भीती अगदीच पोकळ नाही. कोर्स मोडतो तो बहुतेकदा याच टप्प्यावर. खोकला गेलेला असतो, भूक परतलेली असते, अंगात जोर आलेला असतो आणि गोळ्यांचा वीट आलेला असतो. मध्येच सोडलं तर आजार उलटतो, आणि उरलेले जंतू औषधाला जुमानेनासे होऊ शकतात, मग पुढचा रस्ता फार अवघड. म्हणून लक्ष हवंच. पण लक्ष म्हणजे रोज हातावर गोळी ठेवणारी मुलगीच का? रोज ठरल्या वेळी, ठरल्या माणसासमोर गोळी घेणं एवढं पुरतं. तो माणूस बाबा असू शकतात. तू व्हिडिओ कॉलवर असू शकतेस. आईचं आईनंच कॅलेंडरवर फुली मारणं, हेही काही कमी नाही. तिला अजून हातपाय आहेत, हे तुम्ही सगळेच विसरला आहात.

बाबांना जमणार नाही, हे तू पत्रात स्पष्ट लिहिलं नाहीस, पण पानभर पत्रात त्यांच्या नावावर दोनच क्रियापदं आहेत: 'बजावलं' आणि 'उघडू दिलं नाही'. बाई आजारी पडली की तिचं काम घरातल्या दुसऱ्या बाईकडे सरकतं, इतक्या गुपचूप की कुणी ठरवल्याचंही कुणाला आठवत नाही. तू रजा टाकलीस तेव्हा 'बाबा टाकतील का?' हा प्रश्न कुणी विचारला होता? तूसुद्धा?

तीन वाटा दिसतात मला. राजीनामा ही पहिली, आणि ती मला नको वाटते. आईचा कोर्स आणखी तीन-साडेतीन महिन्यांत संपेल, नोकरी गेली तर ती तेवढ्यात परत मिळेल असं नाही. दुसरी वाट, ऑफिसकडे आणखी सवलत मागणं: निम्मे दिवस, घरून काम, काय शक्य असेल ते. विचारून बघ, विचारण्यात काही जात नाही. तिसरी, जाणं. माझा कौल तिसरीला आहे, पण तुझा रिपोर्ट स्वच्छ आला तर, आणि उद्याच्या उद्या नव्हे.

महिना आहे हातात. त्यातले दोन आठवडे तालीम कर. घरातच राहा, पण गेल्यासारखी राहा. पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगून टाक की आजपासून मी इथे नाही. गोळ्यांची वेळ बाबांची. भाऊ आजीला फिरवून आणेल. स्वयंपाकात आई बसून जे करू शकते ते करेल, बाकी बाबा. मावशीला कळलं असेल तर ती आठवड्यातून दोनदा येईल. तू बघत राहा, मात्र उठू नकोस. पहिले चार दिवस भयंकर जातील. भाजी करपेल. तरी उठू नकोस. कुठे खरंच अडतंय आणि कुठे तुलाच बसवत नाही, हे त्या दोन आठवड्यांत कळेल. खरंच अडणाऱ्या जागी पैसे देऊन मदत घ्यावी लागली तर घ्या. तुझा पगार सुरू झाला की ती परवडेल, राजीनामा दिलास तर नाही.

जाण्याआधी फ्रीजवर एक कागद चिकटव. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, जेवणावरची वासनाच गेली, नजर अंधुक झाली किंवा रंग नीट कळेनात, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत आणि रेटायच्याही नाहीत. त्याखाली पुढच्या थुंकी तपासणीच्या तारखा. साधारणपणे पाचव्या महिन्याच्या शेवटी आणि कोर्स संपताना ती करतात. त्यांतल्या एखाद्या तारखेला तू ये, आईसोबत जा.

पैशाबद्दल तू फारसं लिहिलं नाहीस, पण 'दुसरा पगार' या शब्दांतच सगळं आलं. टीबीची औषधं कितीतरी देशांत सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळतात, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहण्यांत टीबी झालेल्या जवळजवळ निम्म्या घरांचा खर्च वर्षाच्या उत्पन्नाच्या 20 टक्क्यांच्या वर गेलेला दिसतो. औषध फुकट असून पैसा जातो कुठे? बुडालेल्या मजुरीत, फेऱ्यांच्या भाड्यात, निदानाआधी पालथ्या घातलेल्या दवाखान्यांत. आणि सोडलेल्या नोकरीत. एका वहीत हे सगळं लिही, तुझा बुडालेला पगारसुद्धा. बाबांशी बोलायला ती वही कामाला येईल. आणि जिथून औषध मिळतं तिथे विचार, पेशंटला किंवा घरच्यांना आणखी काही मदत मिळते का. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

खाण्यात काटकसर मात्र करू नकोस. अशा घरांत एक ठरलेलं दृश्य असतं: जे काय चांगलं येईल ते पेशंटला, बाकीचे भागवून घेतात. पेशंटला मिळायलाच हवं. पण झारखंडमध्ये झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पेशंटला दोन्ही गटांत शिधा मिळत होता. एका गटात तो घरच्यांनाही दिला. त्या गटातल्या घरच्यांमध्ये नवा टीबी होण्याचं प्रमाण 39 ते 48 टक्क्यांनी कमी निघालं. नुसत्या धड जेवणानं! तेव्हा तुझं ताट भरलेलं असणं हा चोचला नाही.

राग येतो, म्हणालीस. येणारच. एक बाई आजारी पडली आणि दुसरीचं आयुष्य थांबलं, तिसरं कुणाचं थांबलं नाही. हा राग आईवरचा नाहीच बहुतेक, ती फक्त सगळ्यात जवळ आहे. माझ्या त्या काकांच्या आजारपणात काकूनं दोन वर्षं सगळं ओढलं. ते बरे झाल्यावर लोक काकांना भेटायला आले, त्यांची तब्येत विचारली, 'वाचलात' म्हणाले. काकूला कुणी विचारलं नाही. म्हातारपणी ती एकदा मला म्हणाली, 'त्यांना झाला होता ते सगळ्यांना आठवतं.' पुढचं वाक्य तिनं पूर्ण केलं नाही. तुझी झोप उडाली आहे, राग आवरत नाही, सारखं रडू येतंय, असं दोन आठवडे चाललं असेल तर तेही त्याच डॉक्टरांना सांग. टीबीच्या पेशंटांमध्ये आणि त्यांचं करणाऱ्यांमध्ये नैराश्य खूप दिसतं, त्याला वेगळा इलाज आहे.

तुझ्यासारख्याच, पण थोड्या वेगळ्या घरांतल्या वाचकांसाठी दोन-चार गोष्टी इथेच सांगते. टीबी मणक्यात, गाठीत किंवा पोटात असेल आणि फुफ्फुसात नसेल, तर तो सहसा इतरांना लागत नाही. तिथे वेगळी खोली म्हणजे पेशंटला उगाच दिलेली शिक्षा. तान्हं बाळ असलेली आई औषधं चालू ठेवून अंगावर पाजू शकते, मास्क लावून. बाळाची तपासणी आणि औषध डॉक्टर ठरवतील. रिफॅम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही, दुसरा उपाय विचारून घ्या. हे विचारायची लाज वाटते म्हणून राहून जातं. आणि औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर वर लिहिलेले मुदतीचे हिशेब जसेच्या तसे लावू नका, किती काळ जपायचं ते डॉक्टरांकडूनच घ्या. त्यावरही आता सहा महिन्यांचे, फक्त गोळ्यांचे कोर्स आले आहेत, पूर्वीसारखी दीड-दोन वर्षं आणि रोजची इंजेक्शनं प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत.

तो पेला तू पुसू नकोस. आई झोपली असताना गुपचूप तर नकोच. एखाद्या संध्याकाळी तिच्यासमोर त्याच पेल्यातून पाणी पी, काही न बोलता. ती ओरडेल. ओरडू दे. तपासणीनंतर मात्र, आधी नाही. पेल्यामुळे नव्हे, तिच्यासमोर खोकणारी तू आहेस म्हणून, हे विसरू नकोस. रिपोर्ट काय आला ते मला दोन ओळींत कळव.